खोलीतलं ऊन आणि मे महिन्यातली कोथिंबीर

आमच्या लोधीखेड्यात थंडीच्या दिवसांत भाजीवाली कोथिंबीर मागितली नाही तरी पिशवीत टाकते. मे महिन्यात तीच कोथिंबीर पैसे देऊनही धड मिळत नाही. पारा ४२-४३ च्या वर गेला की वाफ्यातली कोथिंबीर भराभर फुलावर येते, पान विरळ होतं आणि चव जाते. बाहेरून आलेली जुडी दुपारपर्यंत माना टाकते. गेले तीन उन्हाळे मात्र आमच्या माजघरातल्या एका लोखंडी रॅकवर कोथिंबीर, मेथी आणि पुदिना होतो आहे. खिडकी नाही, ऊन नाही, फक्त दिवे. मंडळाच्या कार्यक्रमाला भेटलेल्या तरुण मंडळींनी याबद्दल इतके प्रश्न विचारले की एकदाच सगळं लिहून काढावं असं ठरवलं. तुमच्यापैकी बरेच जण भोपाळ, इंदूर, नागपूर, पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहता. उन्हाची बाल्कनी प्रत्येकाच्या नशिबी नसते. तुम्हाला याचा उपयोग होईल.

मी शेतीतला तज्ज्ञ नाही. संत्र्याच्या बागांच्या पंपांच्या मोटरी वाइंड करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे झाडापेक्षा मला विजेची आणि उष्णतेची भाषा जास्त कळते. आणि या प्रकारात तीच जास्त कामाची आहे, असं माझं मत झालं आहे.

हे सगळं सुरू झालं भाच्यामुळे. तो सौंसरला नोकरी करतो. पुण्या-नागपूरकडे काही तरुणांनी बंद खोलीत केशर घेतल्याच्या बातम्या त्याने वाचल्या आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. खोली भाड्याने घ्यायची, दिवे, एसी आणि कंद आणायचे आणि त्यासाठी घरच्या संत्र्याच्या शेतावर कर्ज काढायचं. माझी बहीण घाबरली. "दादा, तूच सांग त्याले. माझं तो काही ऐकत नाही," म्हणाली. पोराचा उत्साह मोडायचा नव्हता आणि शेत गहाण जाऊ द्यायचं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "आधी एक उन्हाळा कोथिंबीर जगवून दाखव. मग केशराचं बोलू." तो लगेच तयार झाला. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जे शिकलो, ते हे.

दिव्याआधी खोली बघा

दिवा घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "किती वॉटचा घेऊ?" त्याआधी विचारायला हवं की आपली खोली किती वॉट सहन करील.

दिव्याने भिंतीतून ओढलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. थोडी दिव्याच्या पाठीतून लगेच निघते. उरलेली प्रकाश होऊन पानांवर, मातीवर, भिंतीवर पडते आणि तिथे उष्णता होते. पान त्यातला अगदी थोडा भाग साखर करून साठवतं. म्हणजे १०० वॉटचा दिवा खोलीला १०० वॉटची शेगडीच. एलईडी 'थंड' असतो हे अर्धसत्य आहे. तेवढ्याच प्रकाशासाठी तो कमी वीज घेतो, म्हणून कमी तापवतो, एवढंच.

भाच्याला मी हे माणसांत मोजून दाखवलं. स्वस्थ बसलेला एक मोठा माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडत असतो. तेव्हा १०० वॉटचा दिवा म्हणजे खोलीत एक पाहुणा वाढला. ४०० वॉट म्हणजे चार पाहुणे, रोज बारा तास, दार लावून बसलेले. जानेवारीत ते बरे वाटतील. मे महिन्यात नाही.

इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले इथेच आपल्याला फसवतात. ते कॅनडा, हॉलंड, इंग्लंडकडचे असतात. तिथे तळघराचं तापमान वीसच्या खाली असतं आणि दिव्याची ऊब झाडाला हवीच असते. तिथला माणूस ६०० वॉटचा दिवा आनंदाने लावतो. आपण तोच दिवा सौंसर-पांढुर्ण्याच्या मे महिन्यात, वरून तापलेल्या स्लॅबखाली लावला तर कोथिंबीर उगवण्याआधीच माती कोमट होते.

म्हणून आम्ही सर्वात आधी दोनशे-अडीचशे रुपयांचा कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घेतला आणि घरातल्या तीन जागी तीन-तीन दिवस ठेवून पाहिला. वरच्या स्लॅबच्या खोलीत रात्री अकरालाही ३८ अंश. ओसरीवर दुपारी ४०. माजघरात मात्र, जाड मातीच्या भिंती आणि वर कवेलूखाली लाकडी पाटण असल्यामुळे, दुपारी ३३ आणि पहाटे २९. रॅक कुठे ठेवायचा हे त्या थर्मामीटरनेच ठरवलं. फ्लॅटवाल्यांनी सर्वात वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत टाळावी. मधली खोली किंवा उत्तरेची भिंत बरी.

दिवा कोणता?

बाजारात तीन प्रकार भेटतील. पहिला, रस्त्यावर असायचा तसा पिवळा सोडियमचा दिवा. प्रकाश भरपूर, पण काच इतकी तापते की हात लागला तर भाजतो आणि समोरच्या पानावरही धग येते. आपल्या हवेत हा घरात नकोच. दुसरा, लाल-निळ्या एलईडीचा जांभळा दिवा. झाड लाल आणि निळा प्रकाश चांगला वापरतं, हे खरं. पण हिरवा प्रकाशही पानाच्या आतल्या थरांपर्यंत जाऊन कामी येतो. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की मावा लागलाय ते दिसतच नाही. तिसरा, पांढरा एलईडी. घरासाठी हाच घ्यावा. डोळ्यांना त्रास नाही, रोग-कीड दिसते आणि बिघडला तर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

आता वॉट. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. भाच्याने ऑनलाइन मागवलेल्या दिव्यावर मोठ्या अक्षरात '१००० वॉट' लिहिलं होतं. "मामा, हजार वॉटचा आहे म्हणते अन् एवढा हलका?" त्यालाही शंका आली. मीटर लावला तर तो ११० वॉट घेत होता. असे आकडे 'अमुक वॉटच्या जुन्या दिव्याइतका' या हिशेबाने छापलेले असतात. प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो, तो घेतला की खरं कळतं.

प्रकाश मोजायची शास्त्रशुद्ध पद्धत वेगळी आहे. पानावर दर सेकंदाला प्रकाशाचे किती कण पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. चांगल्या दिव्याच्या माहितीत 'मायक्रोमोल प्रति ज्यूल' असा आकडा असतो. अडीचच्या पुढे असेल तर दिवा चांगला, म्हणजे तेवढ्याच प्रकाशाला वीज कमी आणि उष्णताही कमी. हा आकडाच दिलेला नसेल तर दिव्यावर फार पैसे घालू नका.

घरगुती कामाला मोबाइलवरचं लक्स मोजायचं ॲपही चालतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडाचं नाही, म्हणून जांभळ्या दिव्याखाली ते साफ चुकतं. पांढऱ्या एलईडीखाली मात्र लक्सला ७० ने भागलं की मायक्रोमोलचा अंदाज येतो. फोन पानाच्या उंचीवर, पडदा वर करून ठेवायचा. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स भरतात. खोलीत खिडकीपासून चार-पाच फुटांवर बहुतेक हजारही भरत नाहीत. आपल्या डोळ्याला दोन्ही 'उजेड' वाटतो, झाडाला नाही. पालेभाजीला रोज बारा तास दहा ते पंधरा हजार लक्स मिळाले तर ती छान येते. मिरची-टोमॅटोला फळ धरायला याच्या दुप्पट तरी लागतं आणि उष्णताही दुप्पट होते. म्हणून उन्हाळ्यात घरात फळभाजीच्या नादी लागू नये.

आमचा रॅक चार फूट लांब, दोन फूट रुंद. वर २० वॉटच्या साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब पाच, म्हणजे १०० वॉट. बाजूंना पांढरे रंगवलेले पत्रे, त्याने बाहेर जाणारा उजेड परत झाडांवर येतो. पानांपासून वीतभर उंचीवर ट्यूब. दहा-बारा हजार लक्स भरतात. बारा तासांचे १.२ युनिट, महिन्याला छत्तीस. सात रुपये युनिट धरलं तर साधारण अडीचशे रुपये.

उष्णतेचा बंदोबस्त

सर्वात मोठा उपाय फुकटचा आहे. झाडाचा दिवस रात्री करायचा. खोलीतल्या झाडाला बाहेर सूर्य केव्हा उगवतो याच्याशी काही देणंघेणं नाही. आमचे दिवे संध्याकाळी साडेसातला लागतात आणि सकाळी साडेसातला बंद होतात. दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकावर एक येत नाही. दुपारी झाडं अंधारात झोपलेली असतात. एवढ्या एका बदलाने रॅकमधलं सर्वात जास्त तापमान चार अंशांनी उतरलं.

तास वाढवायचा मोह आवरा. कोथिंबीर आणि पालकाला लांब दिवस मिळाला की 'आता उन्हाळा आला, फुलावर जा' असं वाटतं. बरीच झाडं अशी रात्र मोजतात. शेवंती रात्र लांबली की कळी धरते, म्हणून पॉलीहाउसवाले मध्यरात्री दिवे लावून तिचं फुलणं लांबवतात. ड्रॅगन फ्रूटवाले उलट थंडीत दिवे लावून तिला अवेळी फुलावर आणतात. आपल्याला फूल नको, पान हवं. बारा तास पुरे.

दुसरा उपाय हवेचा. मोटरवाल्याचा एक सोपा हिशेब सांगतो. १०० वॉटच्या दिव्यामुळे हवा तीन अंशांपेक्षा जास्त तापू नये असं वाटत असेल तर ताशी साधारण १०० घनमीटर हवा बदलावी लागते. सहा इंची एक्झॉस्ट पंखा हे काम आरामात करतो. पण पंखा बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बाहेर ४४ असताना तो चालवला तर तो लूच आत ओढतो. म्हणून एक्झॉस्ट रात्री चालवायचा, दुपारी बंद ठेवायचा. पानं हलकी हलतील एवढा छोटा पंखा मात्र दिवे लागलेले असताना कायम हवा. त्याने पानाभोवतीची कोंदट हवा निघून जाते.

तिसरा, आपला कूलर. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. ४३ अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल तर चांगली खस लावलेला कूलर २८-३० अंशांची हवा देतो, तेही दोनशे वॉटच्या आत. खोलीतून हवेला बाहेर जायला वाट मात्र हवी, नाहीतर नुसतं दमट होतं. जूनच्या मध्याला पाऊस आला की कूलरचा उपयोग संपतो, पानांवर बुरशी धरते. आम्ही तेव्हा रॅक बंदच करतो.

चौथा, दिव्याची उष्णता जमेल तेवढी बाहेर ठेवणं. मोठ्या एलईडीला वेगळा ड्रायव्हर असतो, तो गरम होतो. तार लांब करून तो रॅकबाहेर टांगला की साधारण दहावा हिस्सा उष्णता तिथेच कमी होते. भाच्याच्या त्या '१००० वॉट'च्या दिव्याचं आम्ही हेच केलं. तो आता पुदिन्यावर लागतो.

आणि माती. धने पेरल्यावर क्रेट रॅकवर न ठेवता आठ-दहा दिवस मोरीजवळ, ओल्या गोणपाटाखाली ठेवतो. गरम मातीत धने उगवत नाहीत. अंकुर दिसले की दिव्याखाली. मार्चच्या मध्याला पेरलं की एप्रिलअखेर पहिली कापणी होते. दर दहा दिवसांनी एक क्रेट पेरत गेलं की मे महिनाभर आठवड्याला दोन-तीन जुड्या निघतात.

वायरिंगची हयगय नको. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत, म्हणून अर्थिंग तपासलेलं असावं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. एका एक्स्टेंशन बोर्डवर कूलर आणि दिवे एकत्र लावू नका. काट्याचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि मागे पडतो, आठ दिवसांत झाडाचा दिवस दुपारवर येतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

मुलांशी एक गोष्ट उघड बोलू

हे दिवे आणि झिपचे काळे तंबू शोधायला गेलात की अर्ध्याहून जास्त व्हिडिओ गांज्याचे निघतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार घरी चार झाडं लावता येतात. तिथले लोक उघडपणे दाखवतात, यात नवल नाही. भाच्याच्या एका मित्रानेही विचारलं होतं, "एकच कुंडी लावली तर कोणाले कळते?"

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू आहे. त्यात गांज्याचं झाड विनापरवाना लावणं हाच गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 'एकच झाड', 'घरच्यापुरतं' अशी सूट त्यात नाही. मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकानं दिसतात, त्यावरून झाड लावायची मोकळीक आहे असं समजू नये. आणि घर वडिलांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असलं की चौकशी त्यांच्याही दारात येते.

इतिहास वेगळा होता, हे खरं. इंग्रजांच्या काळी आपल्या मध्य प्रांतात निमाडच्या खंडवा तहसिलीत सरकारी परवान्याने गांजा पिकत असे. मुंबई इलाख्यात अहमदनगर आणि साताऱ्याकडे पिकत असे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात त्याची नोंद आहे. पण ते मोकळ्या शेतातलं, सरकारच्या देखरेखीतलं पीक होतं. आजच्या मुलाला कोर्टात त्याचा काही उपयोग नाही. हे रागावून सांगण्यापेक्षा कायद्याचे आकडे समोर ठेवले की मुलांना पटतं, असा माझा अनुभव आहे. तो मित्र आता आमच्याकडूनच पुदिन्याची रोपं घेऊन गेला आहे.

केशराचं काय झालं?

उन्हाळा संपल्यावर भाचा वही घेऊन बसला. केशराच्या कंदात आतली कळी तयार व्हायला २३ ते २७ अंश लागतात, आणि नंतर फूल बाहेर यायला १७ च्या आसपास. फूल कंदात साठलेल्या अन्नावर येतं, त्यामुळे तेव्हा दिव्याचं काम थोडंच असतं. खरा खर्च गारव्याचा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी ३२-३३ अंश असतात, आणि खोली रात्रंदिवस १७ वर ठेवायची. एक टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला युनिटभर खातो. सुकं केशर एक ग्रॅम व्हायला साधारण दीडशे फुलं लागतात. एका चांगल्या कंदाला एक-दोन फुलं धरली तर शंभर कंदांतून जेमतेम एक ग्रॅम. फुलं संपल्यावर पुढच्या वर्षासाठी कंद पोसायचे, तेव्हा मात्र मातीही लागते आणि महिनोन्‌महिने चांगला दिवाही. तो खर्च बातम्यांत फारसा येत नाही.

भाच्याने हे सगळं आपल्या हाताने मांडलं. मी एक आकडाही सुचवला नाही. कोथिंबिरीच्या रॅकने त्याला वॉट, अंश आणि युनिट कळायला लागले होते, म्हणून त्याला ते मांडता आलं. शेवटी आईला म्हणाला, "शेतावर कर्ज नाही काढत. पन्नास कंद आणून पाहतो, पगारातून." माझी बहीण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपली असेल.

त्या पन्नासांपैकी एकतीसांना फुलं आली. एवढंसं केशर निघालं, ते दिवाळीच्या श्रीखंडात गेलं. तो अजून नोकरीत आहे आणि कंद पोसायचा प्रयोग चालू आहे. थंडीत रॅक रिकामा राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहापर्यंत उतरतो, तेव्हा दिव्याची जी उष्णता उन्हाळ्यात नकोशी होती तीच कामी येते. मिरची आणि टोमॅटोची रोपं त्या उबेत चांगली उगवतात. तेव्हा दिवे दिवसा लावतो, संध्याकाळी रॅकला गोणपाट गुंडाळतो. शेजारचे दोन-तीन शेतकरी आता आपलं बी आमच्याकडे देतात.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी थर्मामीटर घ्या आणि आठ दिवस खोली मोजा. दुपारी ३४ च्या आत राहत असेल तर दोन ट्यूब आणि एक क्रेट मेथी लावा. मेथी पाच दिवसांत उगवते, तीन आठवड्यांत कापता येते आणि चुकलं तर नुकसान मूठभर दाण्यांचं. ती जमली की कोथिंबीर. खोली ३६ च्या पुढे जात असेल तर उन्हाळा जाऊ द्या आणि ऑक्टोबरात सुरू करा. काही अडलं तर मंडळामार्फत कळवा. खोलीचं माप, थर्मामीटरचे आकडे आणि दिवा किती वॉट घेतो एवढं लिहिलंत की पुढचा हिशेब मिळून करू.